अकरावीतील गणित आणि कृषी शिक्षणाच्या वाटा

दहावीचा निकाल लागला की कृषी विस्तार कार्यकर्त्यांना बियाणे-खतांच्या चौकशीबरोबर आणखी एक प्रश्न हमखास विचारला जातो : "साहेब, मुलीला पुढे काय शिकवावे?" विचारणाऱ्याला बहुधा नोकरीची खात्री हवी असते. ती कोणालाच देता येत नाही. परंतु कोणता विषय सोडल्याने कोणती वाट बंद होते, हे नेमके सांगता येते.

सध्या ड्रोनचे आकर्षण मोठे आहे. ड्रोन उडवण्याचे प्रमाणपत्र मात्र दहावी उत्तीर्ण व १८ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला मान्यताप्राप्त संस्थेतील अल्प मुदतीच्या प्रशिक्षणानंतर मिळते; त्यासाठी चार वर्षांची पदवी लागत नाही. फवारणीचा थेंब केवढा असावा, पंख्यांच्या झोतामुळे तो पिकात कोठवर उतरतो, हे प्रश्न सोडवायचे असतील तर कृषी अभियांत्रिकी हवी आणि तिचा पाया गणित व भौतिकशास्त्राचा आहे.

येथेच अकरावीतील निवड महत्त्वाची ठरते. गणित अवघड म्हणून सोडले जाते आणि घरातही कोणी हरकत घेत नाही. दोन वर्षांनी लक्षात येते की कृषी अभियांत्रिकी व दुग्धतंत्रज्ञान या बी.टेक. अभ्यासक्रमांची दारे त्यामुळे बंद झाली. पशुवैद्यक पदवीसाठी जीवशास्त्र आणि 'नीट' परीक्षा लागते. बी.एस्सी. कृषीला सामान्यतः दोन्ही गट चालतात. झेपत असेल तर दोन्ही विषय ठेवावेत, असे आमचे मत आहे.

गणिताचा शेतीशी संबंध काय, असे कोणी विचारल्यास पीक कापणी प्रयोगाकडे बोट दाखवावे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे मूळचे गणिताचे पदवीधर. १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत काम करताना त्यांनी व डॉ. वि. गो. पानसे यांनी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतांत मोजक्या तुकड्याची प्रत्यक्ष कापणी करून उत्पादनाचा अंदाज काढण्याची रीत देशात रुजवली. आजही पीक विम्याची भरपाई ठरवताना याच प्रयोगांचा आधार घेतला जातो. परिषदेतील त्या सांख्यिकी विभागातूनच पुढे नवी दिल्लीची भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था उभी राहिली. ग्रामीण विद्यार्थी या विषयाचा विचार क्वचितच करतात, याची खंत वाटते.

पदव्युत्तर टप्प्यावर सावधगिरी अधिक हवी. परिषदेच्या संस्थांतील शास्त्रज्ञपदांसाठी कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळ विषयवार परीक्षा घेते आणि त्या त्या विषयातील विहित पात्रता आवश्यक असते. म्हणून एम.एस्सी.चा प्रवेश निश्चित करण्यापूर्वी मंडळाच्या मागील चार-पाच जाहिराती समोर ठेवाव्यात व आपल्या विषयाच्या किती जागा होत्या, पात्रतेत पदवीचे नाव नेमके कसे लिहिले होते, हे पालकांसह बसून तपासावे.