कातळात थिजलेली दिशा

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना रस्त्यासाठी तासलेल्या कड्याकडे नीट पाहा. काळ्या कातळाचे एकावर एक थर दिसतील. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या शिलारसाचे हे थर होत. भूवैज्ञानिकांनी त्यांतील दोन थरसमूहांना ‘पोलादपूर’ आणि ‘आंबेनळी’ हीच नावे दिली आहेत.

असा काही कातळ होकायंत्राजवळ नेला, तर चुंबकसूची किंचित हलते. बाब एवढीशीच, पण ती हलते का?

कातळात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. शिलारस निवून सुमारे ५८०° सेल्सिअसच्या खाली आला, की हे कण त्या जागच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानुसार चुंबकित होतात आणि ती दिशा दगडात कायम राहते. मोकळी टांगलेली सूची विषुववृत्ताजवळ आडवी असते. ध्रुवाकडे जावे तसतशी ती कलते. उत्तर गोलार्धात तिचे उत्तर टोक खाली झुकते, दक्षिण गोलार्धात वर उचलले जाते. कलाचा टॅन्जंट अक्षांशाच्या टॅन्जंटच्या दुप्पट असतो. तेव्हा कल मोजला, की दगड कोणत्या अक्षांशावर थिजला ते कळते!

खंड सरकतात, हे वेगेनर यांनी १९१२ साली मांडलेले मत बहुतेकांनी झिडकारले होते. पुढे मँचेस्टरमध्ये ब्लॅकेट यांनी एक अतिसंवेदनशील चुंबकमापक बनवला. (तो केला होता निराळ्याच प्रयोगासाठी, आणि त्या प्रयोगाचे उत्तर नकारार्थी आले!) अशा मापकांनी दख्खनचे दगड तपासले गेले. क्लेग, ड्यूश व ग्रिफिथ्स यांचे निष्कर्ष १९५६ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनीही या कामात मोठा वाटा उचलला.

महाबळेश्वराच्या माथ्याकडील थरांत उत्तर टोक वर उचललेले आढळते. खालच्या थरांत दिशा नेमकी उलट, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. कल मात्र दोन्हीकडे ५० अंशांच्या आसपास. गणित करा: अक्षांश सुमारे ३०° दक्षिण येतो. महाड आज १८° उत्तरेवर आहे. म्हणजे ४८ अंशांचा, सुमारे ५,३०० किलोमीटरांचा प्रवास. सरासरी वर्षाला ८ सेंटिमीटर.

डोंगरमाथ्यावरचा सुटा दगड मात्र या कामी निरुपयोगी. वीज पडून त्याचे चुंबकत्व बिघडलेले असू शकते, शिवाय तो मुळात कसा होता हे कळत नाही. म्हणून घाटातला अखंड कातळ निवडतात, आणि तुकडा काढण्यापूर्वी त्यावर उत्तर दिशा व आडवी पातळी आखून घेतात.