दुकानाच्या नावाने भलत्याचेच पत्र

धारावीच्या चामडी बॅगा असोत की मालेगावचे कापड, परगावचा सौदा आता बऱ्याचदा ई-मेलवर ठरतो. बिल त्यावरच जाते, बँकेचा खाते क्रमांकही. अशा वेळी गिऱ्हाइकाला आपल्याच दुकानाच्या नावाने पत्र मिळते की, "आमचे खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी." तो भरतो. पैसे लुच्च्याच्या घशात जातात आणि भांडण दोघा प्रामाणिक माणसांत लागते.

याचे मूळ जुने आहे. ई-मेल पोहोचवण्याचे नियम १९८२ साली ठरले, त्यात पाठवणाऱ्याचे नाव खरे की खोटे हे तपासण्याची सोयच नव्हती. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचाही पत्ता लिहावा, तसा हा प्रकार.

ज्या बांधवांचे स्वतःच्या नावाचे डोमेन आहे, त्यांनी मेल सर्व्हर बसवणाऱ्याला रोखठोक विचारावे. आमचा सर्व्हर परक्याचे टपाल पुढे ढकलतो का? ढकलत असेल तर तो ताबडतोब बंद करून घ्यावा. नाहीतर आपला सर्व्हर काळ्या यादीत जातो आणि आपली खरी बिलेही परत येऊ लागतात. दुसरे, डोमेनच्या नोंदीत एसपीएफ आहे का? आपले टपाल कोणत्या सर्व्हरवरून निघते, हे त्यात जाहीर होते. डीकेआयएम ही प्रत्येक पत्रावरची मोहोर. वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. डीमार्क सांगतो की न जुळणाऱ्या पत्राचे काय करावे. येथेच पुष्कळांची फसगत होते. डीमार्क 'नन'वर ठेवलेला असतो, म्हणजे चौकीदार नेमला, पण कोणाला अडवू नको असे बजावले! काही आठवडे अहवाल पाहावेत, आपले सर्व टपाल नीट जुळते याची खात्री करावी आणि मग तो 'रिजेक्ट'वर न्यावा.

मात्र पासवर्डच चोरीला गेला, किंवा नावात एखादे अक्षर बदलून नवे डोमेन घेतले, तर ही कुलुपे कामाची नाहीत. पासवर्डबरोबर मोबाइलवरचा कोड लावावा. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून, साक्षीदार ठेवून करण्याचा हुकूम आहे. आमच्या मते खातेबदलाचे पत्रही साक्षीविना मानू नये. जुन्या, ओळखीच्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत, हे पहिल्याच ऑर्डरवर लिहून घ्यावे. तरीही फसगत झालीच, तर लगेच बँकेला कळवून १९३० या नंबरवर तक्रार नोंदवावी.