चिप बदलली, पण कारण शोधलं का? आरएस-४८५ कार्ड रिपेअरिंगचा खरा धंदा



समजा, तुम्ही इंडस्ट्रियल कार्ड रिपेअरिंगचं छोटं दुकान टाकलंय. भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून फोन येतो, "साहेब, पीएलसीला ड्राइव्ह दिसत नाहीये, कम्युनिकेशन गेलंय." तुम्ही कार्ड आणता, आठ पिनची चिप बदलता, लाइन सुरू होते. पैसे मिळतात, चहा होतो. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच फोन, तीच चिप, पण या वेळी बोलण्याचा सूर वेगळा. तुमचा धंदा टिकणार की नाही, हे या दुसऱ्या फोनवर ठरतं.

म्हणून आज मॅक्स४८५ ही चिप कशी तपासायची ते बघू.

आधी तिचं काम समजून घ्या. ए आणि बी या दोन तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकावरून ती शून्य की एक ते ओळखते. ०.२ व्होल्टचा फरकसुद्धा तिला पुरतो. मात्र तिच्या ग्राउंडच्या तुलनेत या तारा उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आत राहायला हव्यात. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

१. आधी विचारा. कधी बंद पडलं? विजा कडाडल्या होत्या का? जवळ वेल्डिंग चालू होतं का? नवीन केबल ओढली का? पाच मिनिटांच्या या गप्पा तासभराचं काम वाचवतात.

२. लाइन मोजा. सगळ्या पॅनेलची पॉवर बंद करा आणि ए-बीमध्ये ओहम मोजा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर असेल, तर साधारण ६० दिसतात. १२०च्या आसपास दिसले तर एका टोकाचा रेझिस्टर नाही किंवा तार तुटली आहे. ४० दिसले तर कुणीतरी तिसरा लावलाय. शून्याजवळ असेल तर शॉर्ट शोधा.

३. सप्लाय बघा. पिन ८ आणि पिन ५ मध्ये ५ व्होल्ट हवेत. नसतील तर चिपला दोष देऊ नका, आधी सप्लाय दुरुस्त करा.

४. ए-बी तपासा. पॉवर बंद करून लाइनच्या तारा सोडवा. पिन ६ ते ग्राउंड आणि पिन ७ ते ग्राउंड ओहम मोजा आणि तशाच चांगल्या कार्डाशी ताडून पाहा. एक बाजू काही ओहमवर आली असेल तर चिप किंवा तिच्याजवळचा सर्ज डायोड शॉर्ट आहे. एकेक काढून खात्री करा.

५. पिन २ आणि ३ विसरू नका. चिपने बोलायचं की ऐकायचं, हे या दोन पिन ठरवतात. बहुतेक कार्डांवर त्या एकत्र जोडलेल्या असतात. ऐकताना तिथे शून्य व्होल्ट हवेत. कायम ५ व्होल्ट दिसत असतील तर हे एक कार्ड अख्खी लाइन अडवून बसतं आणि बाकीची चांगली मशिनंही गप्प होतात. अशा वेळी दोष बहुधा मायक्रोकंट्रोलरच्या बाजूला असतो. चिप कितीही वेळा बदला, उपयोग नाही.

६. तारा उलट तर नाहीत ना? काही कंपन्या ए आणि बी उलटे छापतात. नवीन मशीन बोलत नसेल तर सोल्डरिंग गन उचलण्याआधी तारा अदलाबदल करून बघा.

चिप खरंच गेली असेल तर त्याच व्होल्टेजची बसवा. मॅक्स३४८५ पिनला जुळते, पण ती ३.३ व्होल्टची आहे. ५ व्होल्टच्या कार्डात चालणार नाही.

आता मुख्य प्रश्न, ती गेली का? तो आकडा आठवा, उणे ७ ते अधिक १२. दोन पॅनेल लांब असतील आणि त्यांच्यात कॉमन ग्राउंडची तार नसेल, तर दोन्हीकडच्या ग्राउंडमध्येच काही व्होल्टचा फरक पडू शकतो. मर्यादा ओलांडली की चिप जळू शकते. सिग्नलची केबल मोटरच्या केबलला चिकटून नेली असेल किंवा विजेचा सर्ज आला असेल, तरी तेच. उपाय म्हणजे ग्राउंडची तिसरी तार, वेगळ्या मार्गाने नेलेली शील्डेड ट्विस्टेड पेअर केबल आणि याच मर्यादेसाठी बनवलेला एसएम७१२ सर्ज डायोड. ग्राउंडमधला फरक मोठा असेल तर आयसोलेटेड मॉड्यूल सुचवा.

आता धंद्याचं बोलू. चिप तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर कुणालाही मिळते. तुम्ही विकता ते निदान. त्यामुळे तपासणीची फी आधीच सांगा आणि बिलात वेगळी दाखवा. बिलासोबत एक कागद द्या. त्यावर काय मोजलं, काय सापडलं आणि साइटवर काय बदलायला हवं, ते लिहा. ग्राहकाने ग्राउंडची तार ओढली नाही, तर पुढचा बिघाड कुणाच्या खात्यावर, हे त्या कागदावर स्पष्ट असतं. भांडण टळतं, नातं टिकतं.

सुरुवातीला महागडा ऑसिलोस्कोप नसला तरी अडत नाही. चांगला मल्टिमीटर, यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर, लॅपटॉप आणि एक वही एवढ्यावर सुरुवात होते. वहीत प्रत्येक कार्डाचे आकडे लिहा. वर्षभराने तीच वही तुमचं भांडवल असेल.

चला तर मग, या आठवड्यात एक चांगलं कार्ड घ्या आणि त्याच्या आठही पिन मोजून वहीत उतरवा. चांगलं कसं दिसतं हे माहीत असेल, तरच बिघडलेलं ओळखता येतं.

भेटूया पुढच्या लेखात. शिकत राहा, कमवत राहा!