व्हिडिओ खेळ-उद्योगातील श्रमस्थिती

संगणक, दूरचित्रवाणी संच किंवा भ्रमणध्वनी यांच्या पडद्यावर खेळावयाचे खेळ तयार करणाऱ्या उद्योगातील कामाचे तास, नोकरीची सुरक्षितता आणि निर्मितिगृहे (स्टुडिओ) बंद पडण्याची कारणे यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

उद्योगाची रचना : खेळाच्या निर्मितीत संकल्पक, आज्ञावलीकार, चित्रकार, ध्वनिरचनाकार आणि खेळ पुनःपुन्हा खेळून त्यातील दोष शोधणारे परीक्षक यांचा सहभाग असतो. मोठा खेळ पूर्ण होण्यास शेकडो व्यक्तींचे कित्येक वर्षांचे श्रम लागतात. या काळात विक्रीचे उत्पन्न नसते आणि खर्चाचा मोठा भाग पगारांचा असतो. हा खर्च सामान्यतः प्रकाशक संस्था उचलते. खेळ रद्द झाला किंवा बाजारात अपयशी ठरला, तर पहिला आघात पगारांवर होतो, तो यामुळेच.

पगारी कलावंत व तंत्रज्ञ एका आवारात ठेवण्याची पद्धत महाराष्ट्राला चित्रपटव्यवसायामुळे परिचित आहे. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली व १९३३ मध्ये पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी १९५० नंतरच्या काही वर्षांतच बंद पडली. हिंदी-मराठी चित्रपटसृष्टी पुढे चित्रपटागणिक करार करण्याच्या पद्धतीकडे वळली. खेळ-उद्योगात मात्र नोकरी नावाने कायम आणि काम प्रत्यक्षात एका खेळापुरते, अशी विसंगती बहुतांशी आढळते.

कामाचे तास : खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वीच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दीर्घकाळ जादा काम करण्याच्या प्रथेस या व्यवसायात ‘क्रंच’ म्हणतात. विक्रीचा हंगाम व जाहिराती यांमुळे प्रकाशनाची तारीख आधी ठरते. खेळ रंजक झाला आहे की नाही, हे मात्र तो बराचसा तयार झाल्यावरच कळते. दुरुस्त्या त्यामुळे अखेरीस साचतात. पगार मासिक असल्याने जादा तासांचा वेगळा मोबदला अनेकदा मिळत नाही. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीतील एका कर्मचाऱ्याच्या वाग्दत्त वधूने २००४ मध्ये निनावी पत्राद्वारे या प्रथेला वाचा फोडली. कंपनीविरुद्धच्या दाव्यांत पुढे तडजोड होऊन २००५ मध्ये चित्रकारांना सु. १·५६ कोटी डॉलर, तर २००६ मध्ये आज्ञावलीकारांना सु. १·४९ कोटी डॉलर देण्याचे ठरले. जादा कामाने दर्जा राखला जातोच असे नाही. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या कंपनीने सक्तीचे जादा काम टाळण्याचे सांगूनही २०२० मध्ये सायबरपंक २०७७ या खेळासाठी सहा दिवसांचा आठवडा लागू केला. तरीही डिसेंबर २०२० मध्ये तो सदोष अवस्थेत प्रसिद्ध झाला आणि सोनी कंपनीस तो आपल्या विक्रीकेंद्रावरून काही काळ काढावा लागला.

निर्मितिगृहे बंद होणे : अमेरिकेतील १९८३ च्या मंदीत अटारी कंपनीला मोठा तोटा होऊन हजारो कर्मचारी कमी करण्यात आले. कोविड-१९ च्या साथीत घरबसल्या खेळणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा कंपन्यांनी भरती व निर्मितिगृहांची खरेदी वाढविली. पुढे मागणी ओसरली, व्याजदर वाढले व कर्जे जड झाली. परिणामी २०२३ व २०२४ या प्रत्येक वर्षी जगभर दहा हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्याचा अंदाज आहे. एम्ब्रेसर समूहाने ऑगस्ट २०२३ मध्ये व्होलिशन, तर मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये आर्केन ऑस्टिन व जपानमधील टँगो गेमवर्क्स बंद करण्याचे जाहीर केले. यांपैकी टँगोच्या हाय-फाय रश (२०२३) या खेळाची समीक्षकांनी प्रशंसा केली होती. यावरून खेळाचा दर्जा निर्मितिगृहाला तारतोच असे नाही, हे दिसते.

महाराष्ट्रातील स्थिती : मुंबईत १९९९ मध्ये विशाल गोंदल यांनी इंडियागेम्स ही कंपनी सुरू केली. तिचे बहुसंख्य भागभांडवल २००७ मध्ये यूटीव्ही समूहाने घेतले व पुढे ती डिझ्नीकडे गेली. पुण्यातील गेमलॉफ्टचे निर्मितिगृह २००८ मध्ये यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने घेतले; तिचे मुंबईतील निर्मितिगृह २०१८ मध्ये सुरू झाले. अशा निर्मितिगृहांकडे प्रामुख्याने परदेशी खेळांचे साहाय्यक काम असते. प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम या खेळाच्या नव्या आवृत्तीचे नेतृत्व मात्र पुणे-मुंबईकडे सोपविण्यात आले होते. सप्टेंबर २०२० मध्ये तिची घोषणा झाली; प्रारंभिक दृश्यांवर टीका होऊन प्रकाशन लांबले, मे २०२२ मध्ये काम माँट्रिऑलकडे गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये खेळच रद्द झाला. काम काढून घेतल्याने ही निर्मितिगृहे बंद झाली नाहीत. परंतु मोठ्या खेळाचे नेतृत्व करण्याची दुर्मिळ संधी गेली.

कायद्यामुळे व्यवसाय थांबण्याचे उदाहरणही येथेच आढळते. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली व मुंबईच्या ड्रीम११ ने सशुल्क स्पर्धा थांबविल्या.

कायदेशीर संरक्षण : महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून जादा कामास दुप्पट वेतन ठरविले. दैनिक मर्यादा १० तास करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तीनुसार किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगारास कमी करताना एक महिन्याची सूचना व सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे वेतन द्यावे लागते. पन्नास वा अधिक कामगारांचा उपक्रम बंद करण्यापूर्वी शासनास ६० दिवसांची सूचना आवश्यक आहे. पूर्वपरवानगीची अट मात्र ३०० वा अधिक कामगारांचे कारखाने, खाणी व मळे यांनाच असल्याने निर्मितिगृहे तीतून सुटतात [⟶ कामगार कायदे].

संघटना : अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या झेनीमॅक्स या उपकंपनीतील सु. ३०० परीक्षकांच्या संघटनेस जानेवारी २०२३ मध्ये मान्यता मिळाली. खेळांना आवाज व हालचाली देणाऱ्या कलावंतांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर बंधने मागून जुलै २०२४ पासून सु. अकरा महिने संप केला. २०२५ च्या करारात अशा वापरास कलावंताची संमती आवश्यक ठरली [⟶ कामगार संघटना].