‘इल’ आणि ‘बरं नाही’

भोपाळच्या आपल्या मराठी घरांत माणूस तीन भाषांत आजारी पडतो. घरात ‘बरं नाही’, शेजाऱ्यांशी ‘तबीयत ठीक नहीं’ आणि परदेशातल्या नातवंडांना ‘सिक’. यातल्या तिसऱ्या भाषेने एकदा घात केला असता, म्हणून हा लेख.

माझ्या एक जुन्या रुग्ण आजी १९८४ साली २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री मुलांना घेऊन घरातून पळाल्या होत्या. वायूने दुखावलेली त्यांची फुप्फुसं पुरती सावरली नाहीत. एका हिवाळ्यात त्यांना रात्रभर धाप लागली. सकाळी सुनेने इंग्लंडमध्ये लीड्सला नर्स असलेल्या नातीला कळवलं, ‘आजी वॉज सिक ऑल नाइट.’ तिकडेच वाढलेली नात समजली, रात्रभर उलट्या झाल्या. तिने मीठ-साखरेचं पाणी आणि विश्रांती सांगितली. नर्सच सांगते म्हटल्यावर घरचे निर्धास्त झाले. संध्याकाळी मी गेलो तेव्हा आजींचे ओठ निळसर दिसत होते. औषधांची पेटी न उघडता मी त्यांना रुग्णालयात पाठवलं. आजी वाचल्या, पण दिवस वाया गेला.

इथे शब्द हवा होता ‘इल’. ब्रिटनमध्ये ‘शी वॉज सिक’ म्हटलं की बहुधा ओकारी समजतात. आजारी असण्याला ‘शी इज इल’ म्हणतात. अमेरिकेत मात्र ‘सिक’ सर्रास चालतो. नामाआधी दोन्हीकडे ‘सिक’च येतो, जसं ‘सिक चाइल्ड’. त्याहून बरं म्हणजे काय होतंय तेच लिहावं : धाप लागते, ताप आहे, उलटी झाली.

‘सिक’ इंग्रजीचा घरचा शब्द, ‘इल’ पाहुणा. लीड्स ज्या यॉर्कशरमध्ये आहे, तिथलं यॉर्क शहर ८६६ मध्ये डेन लोकांनी जिंकलं. लुटायला आलेले हे लोक पुढे शेती करत तिथेच राहिले आणि शेजाराने त्यांच्या नॉर्स भाषेतले शब्द इंग्रजीत मिसळले : एग, स्किन, नाइफ, विंडो, इतकंच काय, ‘दे’ हे सर्वनामसुद्धा. फारसीतला ‘आजार’ मराठीत असाच रुळला. मूळ अर्थ त्रास, छळ.

नॉर्स ‘इल्लर’ म्हणजे वाईट. सुमारे १२०० सालच्या इंग्रजीतही ‘इल’चा अर्थ वाईट, दुष्ट असाच होता. ‘ईव्हिल’शी तो जुळल्यासारखा वाटतो, पण दोघांचं कूळ वेगळं. जुना अर्थ आजही ‘इल-विल’ म्हणजे आकस, ‘इल-ट्रीट’ म्हणजे वाईट वागवणं, अशा जोडशब्दांत टिकून आहे. ‘आजारी’ हा अर्थ पंधराव्या शतकात आला.

मग आजारी माणूस वाईट ठरला का? आजींनीही रुग्णालयातून आल्यावर मला हेच विचारलं होतं, ‘डॉक्टर, मी कुणाचं वाईट केलं होतं हो?’ मी जैन आहे. असाता वेदनीय कर्माचा उदय होतो, हे लहानपणापासून ऐकत आलो; मानतोही. पण ते ओझं रुग्णाच्या उशाशी ठेवायचं नसतं, आणि विषारी वायू कुणाचं पुण्य मोजून घरात शिरत नाही.

उत्तर मला पुढे त्या शब्दातच सापडलं. नॉर्स लोक ‘मी वाईट आहे’ असं म्हणत नसत. ते म्हणत ‘म्येर एर इल्त’, म्हणजे ‘मला वाईट आहे’. आइसलँडमध्ये आजही असंच म्हणतात. इंग्रजीतला आजारपणाचा अर्थ बहुधा अशाच वाक्यातून आला असावा. पुढे इंग्रजीत ‘मला’ गळून ‘मी’ उरला : ‘आय ॲम इल’.

आपण मात्र अजून ‘मला बरं नाही’, ‘मला ताप आला’ असंच म्हणतो. ताप येतो आणि जातो. माणूस आपल्या जागी असतो. आजींना मी एवढंच म्हणालो, ‘तुम्ही वाईट नाही आहात. तुम्हाला बरं नाही.’ त्या हसल्या, आणि हसताना खोकला आला म्हणून पुन्हा हसल्या.