अपडेट आला, फौज बदलली

दिल्लीत हिंदूराव रुग्णालयाच्या थांब्यावर बसची वाट बघता बघता पोरं मोबाइलवर गाव वसवत असतात. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’चा अपडेट आला की त्यांची फौज बदलते. असं का?

२०१२ मध्ये आलेल्या या खेळात सैन्य उभारायला एलिक्सर नावाचं चलन खर्चावं लागे आणि थांबावंही लागे. म्हणून लुटीसाठी बरेच जण स्वस्तातले बार्बेरियन आणि आर्चर नेत. ड्रॅगन परवडत नसे. २०२२ मध्ये हा खर्च गेला. तरी ड्रॅगन तयार व्हायला वेळ लागायचाच, त्यामुळे घाईतला खेळाडू झटपट फौजच निवडे. मार्च २०२५ मध्ये ती प्रतीक्षाही संपली.

दिल्लीत २०१९ मध्ये महिलांना डीटीसी बस मोफत झाली, तेव्हा तिकिटाचा हिशेब मिटून वेळेचा तेवढा उरला. तसंच हे. एक टंचाई सरली की निवड पुढच्या टंचाईपाशी अडते. आता अडतंय बांधकामाशी. बिल्डर मोजके, काम कित्येक दिवसांचं. आधी तोफ वाढवायची की भांडार? घाई असेल तर जेम्स, म्हणजे खेळातली रत्नं, खर्चा; आणि ही रत्नं खेळाची कंपनी खऱ्या पैशांत विकते.