कावसजीचे नाक

पनवेलच्या खांदा कॉलनीजवळून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या रात्रंदिवस धावत असतात. काही तासांत माणूस पुण्याला पोहोचतो. सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी असे नव्हते. तेव्हा मुंबईचा प्रवासी होडीत बसून खाडीतून पनवेल बंदराला येई आणि तेथून पुढे बोरघाट चढून पुण्याला जाई. माल वाहण्याचे काम मुख्यतः बैलांचे. सैन्याचे धान्य आणि तोफासुद्धा बैलच वाहत. त्या काळातील अशाच एका बैलवाल्याची ही हकीकत आहे. त्याचे नाव कावसजी.

हे नाव ऐकून तुम्हाला तो पारशी असेल असे वाटेल. परंतु इंग्रजांनी त्याच्याविषयी जे लिहून ठेवले, त्यात तो मराठा शेतकरी होता असे म्हटले आहे. त्याचे खरे नाव कदाचित थोडे वेगळे असेल आणि इंग्रजांनी ते आपल्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले असेल.

1790 ते 1792 या काळात इंग्रज आणि म्हैसूरचा टिपू सुलतान यांच्यात युद्ध झाले. मराठे आणि हैदराबादचा निजाम इंग्रजांच्या बाजूने होते. कावसजी इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकत असे. तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. शिक्षा म्हणून त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. ही हकीकत टिपूच्या शत्रूंनी लिहिलेली आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे. नाक कापण्याची शिक्षा त्या काळी अनेक राज्यांत दिली जात असे.

‘नाक कापले जाणे’ म्हणजे मराठीत अब्रू जाणे. उर्दूतही ‘नाक कटना’ असेच म्हणतात. कावसजीला तर हे प्रत्यक्ष भोगावे लागले. कापलेला हात अंगरख्यात झाकता येतो, चेहरा कसा झाकणार? वर्षभराहून अधिक काळ तो नाकाशिवाय राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. हा माणूस कुंभार जातीचा, विटा करणारा होता. नाक बसवण्याची विद्या त्याच्याकडे होती.

त्याने हे कसे केले? प्रथम त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून त्याला चांगल्या नाकाचा आकार दिला. मग तो पत्रा काढून सपाट केला आणि कपाळावर ठेवून त्याच्या कडेने रेघ ओढली. या रेघेवरून कपाळाची कातडी कापून सोडवली. मात्र दोन भुवयांच्या मधली एक चिंचोळी पट्टी कापली नाही. सगळे मर्म या पट्टीत आहे. कातडी पूर्ण तोडून दुसरीकडे लावली, तर तिला रक्त मिळत नाही आणि एवढा जाड तुकडा मरून जाण्याची भीती असते. देठाला लागलेले पान हिरवे राहते, तसे त्या पट्टीमुळे कातडीला रक्त मिळत राहिले.

कातडी खाली आणताना तिला अर्धा पीळ द्यावा लागतो. का, ते कागदावर करून पाहा. कागदाच्या एका बाजूला रंग द्या. त्याच्या मध्यभागी नाकाएवढा तुकडा कापा, पण खालची पट्टी तशीच ठेवा. आता तो तुकडा सरळ खाली दुमडला, तर मागची कोरी बाजू वर येईल. पण तो वर न उचलता पट्टीभोवती गोल फिरवून खाली आणला, तर रंगीत बाजूच वर राहील. कातडीचेही तसेच आहे.

त्यानंतर नाकाच्या जुन्या जखमेची कड सोलून ताजी केली. तिच्याभोवती चीर घेऊन नव्या कातडीची कड त्या चिरेत बसवली. टाके घातले नाहीत. विड्यात असतो तो काथ पाण्यात भिजवून कापडाच्या पट्ट्यांना लावला आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवले. पाच-सहा दिवस रोग्याने पाठीवर निजून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले. सुमारे पंचविसाव्या दिवशी, कातडी नव्या जागी जगली आहे असे पाहून, भुवयांमधली ती पट्टी कापली.

रोग्याला बेशुद्ध करून शस्त्रक्रिया करता येते, हे बोस्टन येथे ईथरच्या साहाय्याने जगाला दिसले ते 1846 साली. कावसजीची शस्त्रक्रिया त्याच्या पन्नासहून अधिक वर्षे आधीची. कपाळावर शस्त्र चालत असताना कावसजी स्थिर राहिला. त्या कुंभाराच्या कौशल्याइतकेच हे धैर्यही मोठे वाटते.

पुण्यातील इंग्रजांना या गोष्टीचे फार आश्चर्य वाटले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया स्वतः पाहिली होती. जेम्स वेल्स नावाच्या चित्रकाराने 1794 च्या जानेवारीत कावसजीचे चित्र काढले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात चित्रासह एक पत्र छापून आले. त्याखाली लिहिणाऱ्याचे पूर्ण नाव नव्हते, ‘बी. एल.’ एवढीच अक्षरे होती. ही विद्या भारतात फार जुनी आहे, असे त्यात म्हटले होते. ते खरेच आहे. नाक नव्याने करण्याची रीत सुश्रुताच्या ग्रंथात आली आहे. तेथे गालाची कातडी घ्यायला सांगितले आहे आणि मापासाठी झाडाचे पान वापरले आहे.

युरोपात ही कला तेव्हा जवळजवळ विसरली गेली होती. लंडनचे जोसेफ कार्प्यू यांनी भारतातील या पद्धतीचा अभ्यास केला. 23 ऑक्टोबर 1814 रोजी त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याला कपाळाच्या कातडीचे नाक बसवले आणि 1816 साली त्यावर पुस्तक लिहिले. तेथून ही पद्धत युरोपभर गेली. तिला ‘भारतीय पद्धत’ असेच नाव पडले.

कावसजीला पुढे ईस्ट इंडिया कंपनीकडून निवृत्तिवेतन मिळाले. त्याचे नाव आणि त्याचा चेहरा आज शस्त्रक्रियेच्या इतिहासात आहे. चित्र काढणाऱ्याचे नावही आहे. ज्याने नाक घडवले, त्या कुंभाराचे नाव मात्र त्या पत्रात लिहिलेले नाही. त्याला ते कोणी विचारले तरी होते की नाही, कोण जाणे!

कर्करोगाने किंवा अपघाताने ज्यांचे नाक गेले आहे, अशा रोग्यांसाठी शल्यचिकित्सक आजही कपाळाची कातडी वापरतात. आता भूल असते, बारीक टाके असतात, जंतुनाशक औषधे असतात. पण भुवईजवळची पट्टी आजही तशीच राखतात आणि साधारण तीन आठवड्यांनी कापतात.